मारलं कुणी, खाल्लं कुणी

मांस खावं की खाऊ नये, हा वाद आपल्याकडे पेटला की दोन प्रश्न एकमेकांत कालवले जातात. एक हिंसेचा: त्या जिवाला मारायचा आपल्याला हक्क काय? दुसरा विटाळाचा: ते खाणारा माझ्या पंक्तीला, माझ्या सोसायटीत चालेल का? पहिला नीतीचा आहे, दुसरा जातीचा. हे दोन्ही कसे गुंतत गेले त्याला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे.

वैदिक यज्ञात पशू मारला जाई आणि त्याचं मांसही खाल्लं जाई. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या वैदिक ग्रंथात गाय-बैलाचं मांस खाऊ नये असं सांगून झाल्यावर लगेच याज्ञवल्क्याचं मत येतं: लुसलुशीत असेल तर मी खातो. म्हणजे मतभेद तेव्हाही होताच.

प्रश्नाला धार आणली ती श्रमणांनी, म्हणजे बौद्ध-जैन परंपरेतल्या संन्याशांनी. वैशालीचा सिंह सेनापती आधी निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, अनुयायी. तो बुद्धाकडे वळला, भिक्षुसंघाला जेवायला बोलावलं आणि तयार मांस कुठे मिळतं का ते बघायला माणूस पाठवला. इकडे निगंठ चौकाचौकांत सांगत सुटले की सिंहाने मोठं जनावर कापून गोतमाला खाऊ घातलं. त्यावर बुद्धाने जो नियम घालून दिला तो असा: जनावर आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये, एरवी भिक्षेत पडेल ते चालेल. मांस-मासळी पूर्ण बंद करा, असा संघातल्याच देवदत्त या भिक्षूने आग्रह धरला, तो बुद्धाने मानला नाही.

यावर सगळ्यात नेमकं उत्तर मनुस्मृतीत सापडतं. पाचव्या अध्यायात घातक कोण याची यादी आहे: संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा आणि विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. ‘मी कुठे मारलं, मी तर दुकानातून आणलं’ ही पळवाट तिथेच बंद होते. आजचे व्हीगन, म्हणजे दुधासकट कुठलाही प्राणिज पदार्थ न घेणारे लोक, बाजाराच्या साखळीबद्दल जे बोलतात, ते याहून फारसं वेगळं नाही. अर्थात त्याच अध्यायात यज्ञातला वध हा वधच नव्हे असंही म्हटलंय, आणि थोडं पुढे मांस खाण्यात दोष नाही, पण सोडलं तर मोठं फळ, असंही. ज्याला जो श्लोक सोयीचा, तो त्याने उचलावा.

सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख मात्र कबुलीजबाबासारखा वाटतो. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात; आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही; पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा विषय.

इथवर हिंसेची गोष्ट झाली. विटाळ शिरला तो कसा, याचा सर्वांत धारदार खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात केला. बौद्ध धर्मावर कुरघोडी करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांसच नव्हे तर मांसच सोडलं, आणि जे गोमांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धान्त. त्याच्या काळाबद्दल आणि पुराव्यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यातला एक मुद्दा सहज खोडता येत नाही: ज्यांना अस्पृश्य ठरवलं ते मेलेल्या ढोराचं मांस खात होते, आणि त्यात कुणाची हत्याच नव्हती. सिंह सेनापतीच्या ताटातल्या मांसापेक्षाही ते अहिंसक. तरी सगळ्यात ‘घाण’ तेच ठरलं. नीती हिंसेची असती तर हा क्रम उलटा लागला असता.

आणि याच बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. कारण अहिंसा नव्हे, स्वाभिमान. ते मांस गावकीच्या कामाला बांधलेलं होतं. ते सोडणं म्हणजे ते जोखड सोडणं.

गावाने मात्र आपली व्यवस्था लावून घेतली होती. जत्रेत बोकड देवीचा, नवस कुणब्याचा, पण सुरी बहुतेक ठिकाणी गावच्या मुसलमान मुलाण्याची. त्याच घरात कुणी माळकरी असला की त्याची भांडीही वेगळी. ‘माळ घातली’ म्हणजे वशाट सुटलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. वारकऱ्याच्या माळेत मला जातीपेक्षा निवड जास्त दिसते, म्हणून तिचं महत्त्व.

निवडीचं दुसरं उदाहरण गांधीजींचं. १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईला दिलेल्या शब्दापायी ते शाकाहारी राहिले. मनातून त्यांना वाटे की सगळ्या हिंदुस्थानाने मांस खावं. लंडनच्या एका शाकाहारी खानावळीत हेन्री सॉल्ट या इंग्रज लेखकाची शाकाहारावरची पुस्तिका विकत घेऊन वाचली, आणि तेव्हा ते स्वतःच्या मताने शाकाहारी झाले.

धर्मानंद कोसंबींची गोष्ट याहून विलक्षण. गोव्यातल्या सांखवाळचा हा पाली पंडित. प्राचीन जैन श्रमणही मांस घेत असत, असं त्यांनी जैन ग्रंथांच्याच आधारे लिहिलं आणि जैन समाजात मोठा गदारोळ झाला. पण जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्याम, म्हणजे चार व्रतांच्या, धर्मावर त्यांचाच जीव जडला होता. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

आता कायदा. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमात गाई-वासरांच्या आणि दुभत्या-ओढकामाच्या जनावरांच्या हत्याबंदीची दिशा आहे, पण तिथे शब्द शेती आणि पशुपालनाचे आहेत, जीवदयेचा नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. बैल आणि वळू त्यात घालणारी दुरुस्ती १९९५ ची. तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली २०१५ च्या मार्चमध्ये. त्यात परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणंही गुन्हा होतं. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण हे कलम रद्द केलं: घरात काय खायचं हा माणसाचा खासगी प्रश्न. मारणं आणि खाणं पुन्हा वेगवेगळं झालं, वैशालीतल्यासारखं.

म्हशीला मात्र ही सरसकट बंदी नाही. कापायला हरकत नसल्याचा सरकारी दाखला असला की ती कापता येते.