हॅकेथॉन आणि सीटीएफ: फिलिपिन्समधल्या दोन स्पर्धा आणि एक जुनाट गोंधळ

फिलिपिन्सच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान विभागातर्फे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘हॅकफॉरगव्ह’ नावाची स्पर्धा घेतली जाते. आधी प्रादेशिक फेऱ्या आणि मग राष्ट्रीय अंतिम फेरी, असे तिचे स्वरूप असते. तिची बातमी आली की ‘तिथल्या सरकारी हॅकेथॉनमध्ये मुलांनी काय ॲप बनवले?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि दुसरा कोणीतरी ‘मुलांनी सरकारी संकेतस्थळे फोडून दाखवली’ असे उत्तर देतो. प्रश्न चुकीचा आहे आणि उत्तरही. या स्पर्धेत ॲप बनवले जात नाही आणि सरकारी संकेतस्थळालाही कोणी हात लावत नाही. ती ‘कॅप्चर द फ्लॅग’, म्हणजे सीटीएफ प्रकारची सायबर सुरक्षा स्पर्धा आहे.

हॅकेथॉन म्हणजे काय ते थोडक्यात असे. एक-दोन दिवस, एक गट, दिलेला विषय आणि शेवटी परीक्षकांसमोर ॲपचे किंवा तशाच एखाद्या कल्पनेचे चालते प्रारूप, म्हणजे कामचलाऊ नमुना. फिलिपिन्समधले माझ्या आवडीचे उदाहरण म्हणजे नासाच्या ‘स्पेस ॲप्स चॅलेंज’मध्ये २०१८ साली जागतिक विजेत्यांत आलेले ‘इसडॅप’. फिलिपिनो भाषेत ‘इस्दा’ म्हणजे मासा. उपग्रह आणि नागरिकांनी नोंदवलेल्या निरीक्षणांची माहिती मच्छीमारांपर्यंत पोचवायची, आणि त्यांच्याकडे इंटरनेट नसेल हे गृहीत धरून ती साध्या एसएमएसने पाठवायची, अशी त्यामागची कल्पना होती.

लोक अडखळतात ते एकाच फरकावर. स्पर्धा सुरू होण्याआधी उत्तर अस्तित्वात असते की नसते, हा तो फरक. सीटीएफमध्ये ते असते. प्रत्येक कोडे रचणाऱ्याने ते स्वतः सोडवून पाहिलेले असते आणि त्यात कुठेतरी ठरावीक साच्यातली अक्षर-अंकांची एक ओळ लपवलेली असते. तिलाच ‘फ्लॅग’ म्हणतात. ती कधी एखाद्या चित्राच्या फाइलच्या पोटात असते, कधी नेटवर्कवरच्या रहदारीच्या नोंदीत, कधी कमकुवत कूटलेखनामागे (एन्क्रिप्शन), तर कधी मुद्दाम सदोष ठेवलेल्या लॉगिन पानाच्या पलीकडे. स्पर्धक ती शोधतो, स्पर्धेच्या संकेतस्थळावर चिकटवतो, यंत्र ती ताडून पाहते आणि गुण देते किंवा देत नाही. अर्धे गुण नाहीत, समजावून सांगण्याची सोय नाही आणि ‘आमचा विचार योग्य दिशेने होता’ या म्हणण्याला काडीची किंमत नाही.

हॅकेथॉनमध्ये असे लपवलेले उत्तर कोणाकडेच नसते, आयोजकांकडेही नाही. मच्छीमारांना माहिती एसएमएसने द्यावी, रेडिओवरून द्यावी की बंदरावरच्या फलकावर लावावी, यांपैकी ‘बरोबर’ कोणते हे कोणत्याही यंत्राला ताडून पाहता येत नाही. इसडॅपच्या गटाने एसएमएस निवडला. दुसऱ्या एखाद्या गटाने रेडिओ निवडला असता तर तो चुकला असे म्हणता आले नसते, फार तर परीक्षकांना तो कमी पटला असता. म्हणूनच स्पेस ॲप्सच्या परीक्षणात प्रभाव, सर्जनशीलता, शास्त्रीय ग्राह्यता, विषयाशी सुसंगती आणि सादरीकरण असे निकष असतात. हे सगळे माणसांनी वाद घालून ठरवायचे असते, आणि त्यामुळे निकालावर कोणीतरी नाराज होणेही अटळ असते.

हा एक फरक लक्षात घेतला की बाकीचे बहुतेक फरक आपोआप उलगडतात. सीटीएफच्या गटात उत्तम बोलणारा सदस्य घेणे म्हणजे एक जागा वाया घालवणे. तिथे एकाला कूटलेखन, दुसऱ्याला डिजिटल न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तपास आणि तिसऱ्याला तयार प्रोग्रॅम उलगडून वाचणे जमावे लागते. हॅकेथॉनच्या गटात मात्र ज्याला मच्छीमारांची दिनचर्या ठाऊक आहे असा प्रोग्रॅमिंग न येणारा सदस्यही गटाला तारू शकतो. उसनवारीचा नियमही असाच उलटतो. हॅकेथॉनमध्ये दुसऱ्याने लिहिलेली मुक्त-स्रोत लायब्ररी, म्हणजे सर्वांना वापरायला खुला असलेला तयार कोड, श्रेय देऊन वापरणे हे शहाणपणाचे लक्षण आहे, कारण तिच्यावर तुम्ही काय उभारता ते पाहिले जाते. सीटीएफमध्येही साधने दुसऱ्यांचीच असतात, पण दुसऱ्या गटाकडून फ्लॅग घेणे ही सरळ कॉपी ठरते आणि त्यासाठी गट बाद होतो, कारण तिथे उत्तराखेरीज तपासण्यासारखे काही उरतच नाही.

कालावधी, बक्षिसाची रक्कम, टी-शर्ट, रात्रीचे जागरण आणि कॉफी यांवरून फरक सांगणारे तक्ते मी पाहिले आहेत. ते निरुपयोगी आहेत, कारण या सगळ्या बाबतीत दोन्ही स्पर्धा बहुतेक वेळा सारख्याच असतात.

कोणती यंत्रणा फोडायची परवानगी आहे आणि कोणती नाही, हा मुद्दा मात्र फिलिपिन्सच्या संदर्भात हलका नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा संगणक विषाणू मनिलातून जगभर पसरला, तेव्हा संशयितावर लागू होईल असा कायदाच त्या देशात नव्हता आणि खटला सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी जून महिन्यात झालेल्या ई-कॉमर्स कायद्याने हॅकिंगसाठी किमान १ लाख पेसो दंड आणि ६ महिने ते ३ वर्षे तुरुंगवास ठरवला. पुढे २०१२ साली सायबर गुन्हे प्रतिबंधक कायदा आला. तरीही मार्च २०१६ मध्ये निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन सुमारे साडेपाच कोटी मतदारांची माहिती बाहेर पडली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘फिलहेल्थ’ या सरकारी आरोग्य विमा संस्थेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरचा) हल्ला झाला. अशा देशात सरकारी खाते सीटीएफ भरवते तेव्हा मुलांनी सदोष यंत्रणा फोडायला आणि त्यातून ती सांधायला शिकावे, एवढाच त्याचा अर्थ असतो. फोडायची यंत्रणा त्यासाठीच वेगळी उभारलेली असते. गुणफलक चालवणाऱ्या सर्व्हरवर हल्ला केला तर, तो कितीही कौशल्याचा असला तरी, गट बाद होतो, आणि हे ‘हॅकिंगच्या स्पर्धेत हॅकिंगला बंदी’ म्हणून ज्यांना गमतीचे वाटते त्यांनी नियमपत्रक वाचलेले नसते.

माझी खरी तक्रार आयोजकांबद्दल आहे. गुणफलक असलेल्या सीटीएफची जाहिरात ‘हॅकेथॉन’ म्हणून करायची आणि ज्यात एक ओळही कोड लिहावा लागत नाही, केवळ स्लाइड दाखवायच्या असतात, तिलाही ‘हॅकेथॉन’च म्हणायचे, हा आळशीपणा आहे. त्यापेक्षा फिलिपिन्समधली ‘रूटकॉन’ ही हॅकर परिषद बरी. ती आपल्या सीटीएफला सीटीएफच म्हणते. आसियान देशांतल्या तरुणांची ‘सायबर सी गेम’ हीसुद्धा सीटीएफच आहे, नावात ‘हॅक’ नसले तरी. जाहिरातीवरून काहीच कळत नसेल तर नियमपत्रकात फ्लॅगचा साचा दिला आहे की परीक्षणाचे निकष, एवढे पाहावे.

कोणती स्पर्धा आधी करावी असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर मी सीटीएफ सुचवतो. हॅकेथॉनमधली बहुतेक प्रारूपे बक्षीस समारंभानंतर कोणी उघडतही नाही. इसडॅपसारखे अपवाद थोडे. सीटीएफनंतर मात्र अनेक गट कोणते कोडे कसे सोडवले याची तपशीलवार टिपणे प्रसिद्ध करतात, आणि आपल्याला न सुटलेल्या कोड्याचे टिपण दुसऱ्या दिवशी वाचताना जे शिकायला मिळते ते परीक्षकांच्या दोन कौतुकाच्या वाक्यांतून मिळत नाही.