नेतृत्वाचा ‘मायनर’: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

पैठणच्या डाव्या कालव्याखालच्या गावांत ‘मायनर’ हा शब्द कॉलेजच्या कितीतरी आधी शेतात आला. मुख्य कालवा, त्याला फुटलेली वितरिका, वितरिकेवरचा मायनर आणि मायनरवरून बांधापर्यंत येणारी चारी. २०८ किलोमीटरच्या कालव्याला पाणी सुटल्याची बातमी पेपरात येते, पण ऊस भिजतो तो आपल्या मायनरची पाळी आली म्हणजे. त्यामुळे पदवीच्या अर्जावर ‘मेजर’ आणि ‘मायनर’ असे रकाने छापून आले तेव्हा अंबड, घनसावंगी, पाथरी, मानवत या पट्ट्यातल्या पालकांना शब्द ओळखीचा होता. मुख्य विषयाला जोड म्हणून घ्यायचा दुसरा विषय, हा त्याचा अर्थ मात्र नवा होता.

२०२५ च्या जूनमध्ये बीए दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या टेबलावर मी बसलो होतो. वडिलांसोबत एक मुलगी आली. पहिल्या वर्षी तिने इतिहास, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन घेतले होते. आता एक मेजर, एक मायनर ठरवायचा आणि एक सोडायचा. अर्ज अर्धा भरून ती थांबली आणि म्हणाली, ‘सर, मायनरला लीडरशिपचं काही नाही का? माझी आई बचत गटाची अध्यक्ष आहे. मीटिंग, हिशोब, बँक, भांडणं, सगळं तिलाच बघावं लागतं. ते शिकवतात का कुठं?’ वडील तिच्याकडे बघत राहिले. मी यादी पुन्हा वर-खाली पाहिली. यादीत तो विषय नव्हता. कुठल्याही मुख्य विषयाला जोड म्हणून नेतृत्व शिकता येईल, असे वाटायला लावणारी कागदपत्रे मात्र माझ्याच टेबलाच्या खणात होती.

मुख्य विषयासोबत दुसरा लहान विषय घ्यायची पद्धत अमेरिकेतली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या एका नव्या विद्यापीठाने आपल्या माहितीपुस्तकात मेजर आणि मायनर हे शब्द वापरले, आणि पुढे ते तिकडच्या कॉलेजांत रुळले. नेतृत्व हा पदवीचा विषय व्हायला आणखी शंभरेक वर्षे गेली. सैन्य आणि उद्योग या दोन ठिकाणी त्याचा अभ्यास आधीपासून होता. १९९२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या एका विद्यापीठाने पदवीच्या मुलांसाठी नेतृत्वाच्या अभ्यासाची स्वतंत्र शाखा सुरू केली. इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, राज्यशास्त्र या सगळ्यांतून थोडे थोडे घेऊन तो विषय बांधलेला होता. कुठल्याही एका विभागाच्या मालकीचा तो नव्हता, आणि आपल्याकडे नेमके इथेच अडते.

आपल्या देशात हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला तो जीवनकौशल्यांचा हात धरून. २०१९ मध्ये केंद्रीय पातळीवरून जो ८ क्रेडिटचा नमुना अभ्यासक्रम आला, त्याचे चार भाग होते: संवाद कौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन कौशल्ये, आणि सार्वत्रिक मानवी मूल्ये. नेतृत्वाच्या वाट्याला २ क्रेडिट, म्हणजे एकूण ३० तास. मुलाखतीला कसे बसावे आणि बायोडेटा कसा लिहावा याच्या शेजारी नेतृत्व जाऊन बसले. हा शेजार पुढे फार नडला, असे माझे मत आहे. आजही ‘लीडरशिप’ म्हटले की आमच्याकडे निम्म्या प्राध्यापकांना व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर आठवते, माइक हातात घेऊन टाळ्या वाजवायला लावणारा बाहेरगावचा वक्ता आठवतो.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सगळ्यांना ठाऊक आहे. मायनरला खरा आकार आला तो डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्याने. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, त्यांतले किमान २४ मायनरचे. आणि मायनर एखाद्या विषयाचाच पाहिजे असे नाही, अनेक विषय मिळून झालेल्या आंतरविद्याशाखीय क्षेत्राचाही चालेल, असे त्यात होते. नेतृत्वाला आत यायला हे दार पुरेसे रुंद होते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याचा शासन निर्णय आला. त्यात मायनरचे क्रेडिट १८ ते २० वर आले, पण मायनर आपल्याच शाखेतला दुसरा विषय असू शकतो किंवा सर्वस्वी वेगळ्या शाखेतलाही असू शकतो, ही मोकळीक राहिली. स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू व्हायचे होते. मराठवाड्यात स्वायत्त कॉलेजे मोजकी, बाकी सगळी संलग्न. म्हणजे आमच्या बहुतेक मुलांसाठी खरी सुरुवात २०२४ ची.

आणि ती सुरुवात व्हायच्या आतच, मार्च २०२४ मध्ये, सुधारित शासन निर्णय आला. मी ज्याला वळण म्हणतो ते हे. बीए, बीएस्सीच्या मुलाने पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, तिन्हींचे वजन सारखे. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर, आणि तिसरा गळाला. बाहेरून बघणाऱ्याला हा किरकोळ बदल वाटेल. पण मायनर कुठून निवडायचा हा प्रश्न त्याने उलटा केला. आधी मायनर जगातल्या कुठल्याही विषयातून येऊ शकत होता. आता तो पहिल्या वर्षी घेतलेल्या तिघांतूनच येणार. नेतृत्व हा पहिल्या वर्षाचा पूर्ण विषय म्हणून कॉलेजात असेल तरच तो दुसऱ्या वर्षी मायनर होईल. आणि ज्या विषयाचा विभाग नाही, मंजूर पद नाही, अभ्यासक्रम ठरवणारे अभ्यास मंडळ नाही, तो पहिल्या वर्षाच्या यादीत येणार कुठून?

जुन्या लोकांनी ही रचना लगेच ओळखली. बीएला तीन ऑप्शनल, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. इतिहास-राज्यशास्त्र-लोकप्रशासन, मराठी-समाजशास्त्र-भूगोल, असे गट वेळापत्रकानेच बांधलेले असतात. ज्या दोन विषयांचे तास एकाच वेळी, ते दोन विषय एका मुलाला घेता येत नाहीत. हे गट म्हणजे नुसती सोय नाही. त्यांच्यावर विभागाचा वर्कलोड, म्हणजे शिकवायच्या तासांचा भार, उभा असतो, वर्कलोडवर पद उभे असते, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माणसाचा त्या वर्षीचा संसार उभा असतो.

सुधारणेची बाजू मांडणारे सहकारी माझे मित्र आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. बारावी होऊन आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मेजर ठरवायला लावू नये, एक वर्ष तीन विषय चाखू द्यावेत, हे बरोबरच आहे. तालुक्याच्या कॉलेजात एका विषयाला एक किंवा दोन माणसे. तिथे मायनर सगळ्या जगातून निवडा म्हणणे म्हणजे कागदावरची चैन, असेही ते म्हणतात. अनेक ठिकाणी मायनरला चार आणि मेजरला साठ मुले अशी विभागणी झाली असती, हेही खरे. पण या सगळ्याची किंमत कोणी दिली? ज्या विषयांना विभाग नाही, त्यांनी. नेतृत्व, पाणलोट व्यवस्थापन, सहकार, ग्रामविकास हे सगळे जोडविषय मायनरच्या दारातून मागे सरकले आणि २ क्रेडिटच्या खुल्या वैकल्पिकात किंवा कौशल्य विषयात जाऊन बसले. १८ क्रेडिटच्या ठिकाणी २. सिद्धांताच्या तासांत मोजले तर २७० तासांच्या ठिकाणी ३०. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका आमच्यासारख्या भागाला बसला, कारण मोठ्या शहरातल्या मुलाला हे कॉलेजबाहेर कुठेतरी मिळते.

शब्दाचाही गुंता आहे. मायनरला मराठीत ‘गौण विषय’ म्हटले की गोदाकाठच्या माणसाला गौण खनिज आठवते, म्हणजे वाळू. पालक विचारतात, ‘गौण आहे तर शिकायचं कशाला?’ मी कालव्याचे उदाहरण देतो आणि ‘जोडविषय’ म्हणतो. ‘नेतृत्व’ त्याहून अवघड. मुलांच्या तोंडी ‘नेता’ आणि ‘पुढारी’ आहेत, आणि दोन्ही शब्दांना पांढरी गाडी आणि फ्लेक्स चिकटलेले आहेत. ‘कार्यकर्ता’ हा शब्द अजून त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. बचत गटाच्या अध्यक्ष बाईला कोणी नेता म्हणत नाही. तीसुद्धा स्वतःला म्हणत नाही.

मराठवाड्याच्या कॉलेजांत नेतृत्व नवे नाही. अभ्यासक्रमात ते कधी नव्हते, एवढेच. निजामाच्या काळात, १९३८ मध्ये, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले, बंदी आली, लोण हैदराबादच्या विद्यापीठापर्यंत गेले. काढून टाकलेल्या मुलांतल्या अनेकांना नागपूरच्या विद्यापीठाने जवळ केले. १९७४ मध्ये वसमतला विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, मुले गेली, आणि त्यातून मराठवाडा विकास आंदोलन पेटले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यावर काय घडले आणि १४ जानेवारी १९९४ पर्यंत किती जणांनी काय सोसले, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. त्या सोळा वर्षांत वस्तीवस्तीतून, वसतिगृहांतून माणसे घडली. त्यांच्या गुणपत्रिकेवर त्याची एका ओळीचीही नोंद नाही.

त्याच १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, आणि नेतृत्वाच्या मायनरबद्दल बोलताना ती कोणी काढत नाही. नव्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद केल्या. कारण सांगितले गेले ते हिंसाचाराचे, आणि ते कारण खोटे नव्हते. वर्गात पहिला येणारा वर्गप्रतिनिधी झाला. त्यानंतर कॉलेजात आलेल्या मुलाला मत मागायला वर्गावर्गात जावे लागले नाही, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसावे लागले नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणायची तरतूद केली. २०१९ मध्ये तारखाही ठरल्या, पण विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून पुढे ढकलल्या गेल्या, आणि मग करोना आला. कॉलेजची निवडणूक बघितलेला माणूस आता वर्गात बाकावर नसतो. तो खुर्चीत असतो, आणि बहुधा निवृत्तीला आलेला असतो. निवडणूक काढून घेऊन नेतृत्व वहीतून शिकवायचे, हे मला पटत नाही. दोन्ही सोबत असायला हवे होते.

मग १८ क्रेडिट मिळाले असते तर त्यात काय घातले असते? क्रेडिटचा हिशोबच वाट दाखवतो. वर्गातल्या एका क्रेडिटला १५ तास, प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे ४ क्रेडिट गावात घालवायचे ठरले तर १२० तास होतात. एवढ्या वेळात मुलगा चार ग्रामसभा बघतो, त्यातली एक कोरमअभावी तहकूब झालेली बघतो, इतिवृत्त लिहायला शिकतो, पाणीवाटपाच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेतो. यासाठी नमुना बाहेरून आणायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम चालला तेव्हा गावातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. घरमालक, इंजिनिअर आणि सरकारी कचेरी यांच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या. कधी उंबऱ्याबाहेर न बोललेल्या बायकांनी सिमेंट, हप्ते आणि भिंतीचे कोपरे यांवर गावाला बोलते केले. नेतृत्वाचा अभ्यासक्रम लिहायचा तर पहिले प्रकरण तिथून सुरू व्हावे.

हे लिहायचे कोणी, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. राज्यशास्त्राचे अभ्यास मंडळ म्हणते आमचे, लोकप्रशासन म्हणते आमचे, वाणिज्यवाले म्हणतात व्यवस्थापनाचा भाग आहे. आणि १९६९ मध्ये सुरू झालेल्या, गावोगाव सात दिवसांची शिबिरे घेणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला, ज्याला या कामाचा प्रत्यक्ष सराव आहे, त्याला कोणी विचारत नाही. नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांनाही क्रेडिट आहेत. काही शिक्षक आता तिथेच नेतृत्वाचे काम बसवू पाहतात. मायनर म्हणून गुणपत्रिकेवर नाव उमटत नाही, पण काम होते.

त्या मुलीने अखेर राज्यशास्त्र मेजर आणि लोकप्रशासन मायनर घेतला. इतिहास सुटला, तो तिला आवडत होता. समुदाय सहभागाच्या प्रकल्पासाठी तिने आपल्याच गावचा बचत गट निवडला आहे. मार्गदर्शकाच्या रकान्यात माझे नाव आहे, आणि गटाच्या पुढच्या बैठकीला तिच्या आईने मला बोलावले आहे.