युनिव्हर्सिटी लायब्ररीतलं थिएटर किंवा ऑडिटोरियम हवंय? कोणाला मिळतं, कागदपत्रं काय लागतात, अर्ज कसा करायचा

लायब्ररीतला हॉल म्हणजे भाड्याचं सभागृह नाही, हे आधी डोक्यात पक्कं ठेवा. भिंतीपलीकडे कोणीतरी परीक्षेचा अभ्यास करत बसलेलं असतं आणि तुमचा अर्ज हातात घेणारे ग्रंथपाल सगळ्यात आधी त्याचाच विचार करतात.

पात्रतेचं बघायचं तर विभाग, प्राध्यापक आणि नोंदणी असलेले विद्यार्थी क्लब सहसा थेट अर्ज करू शकतात, एकट्या विद्यार्थ्याला बऱ्याच ठिकाणी विभागप्रमुखांची सही लागते आणि बाहेरच्या संस्थेला एखादा विभाग सहआयोजक म्हणून सोबत घ्यावा लागतो. खासगी समारंभ, विक्री, पक्षाचा प्रचार असलं काही असेल तर बहुतेक नकारच येतो.

कागदपत्रं तशी थोडीच असतात. लेटरहेडवर उद्देशाचं पत्र, ओळखपत्राची कॉपी, कार्यक्रमाची रूपरेषा, अंदाजे किती लोक येणार तो आकडा आणि माइक-प्रोजेक्टर-लाइट काय काय हवंय त्याची यादी. उद्देशाच्या पत्रात नुसतं 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहू नका प्लीज, त्यातून कोणालाच काही कळत नाही. 'दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातल्या नाटकाचं अभिवाचन, ४० मिनिटं, नंतर चर्चा' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच चित्र दिसतं.

फिल्म दाखवणार असाल तर इथे नीट लक्ष द्या, सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकताना मी बघितलेत. डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे म्हणजे हॉलभर लोकांना दाखवायचा हक्क मिळाला असं होत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिक्षणासाठी सूट असते पण ती मर्यादित. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(जे) खाली प्रेक्षक त्या संस्थेतले शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोक एवढेच असायला हवेत, तर अमेरिकेत कलम ११०(१) ची सूट समोरासमोर चालणाऱ्या शिकवण्यापुरती आहे. म्हणजे पोस्टरवर 'सर्वांसाठी खुलं' छापलंत की सूट गेली असंच धरा आणि परवानगीचं पत्र अर्जालाच जोडा. नाटकाच्या प्रयोगालाही हेच, लेखक हयात असेल तर लेखी परवानगी घ्याच, आणि नसेल तरी हक्क कोणाकडे आहेत ते शोधा.

आता वेळेचं. माझ्या पहिल्या अर्जात मी फक्त प्रयोगाची वेळ टाकली होती, ६ ते ८. साउंड चेक दुपारी ४ ला सुरू केला, 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हटलं आणि काचेपलीकडे वाचत बसलेल्यांच्या सगळ्या माना एकदम वर, पाचव्या मिनिटाला कर्मचारी दारात. बरोबर होतं त्यांचं, मी तालीम, सेट लावणं, साउंड चेक, आवराआवर यातलं काहीच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी हे सगळं वेगवेगळ्या वेळेसकट लिहिते आणि मोठ्या आवाजाचं काम कधी आहे तेही स्पष्ट सांगते.

प्रेक्षकांचा आकडा खुर्च्यांपेक्षा जास्त टाकू नका, जादा खुर्च्या लावून वाट अडवली तर आग लागल्यावर बाहेर कसं पडणार? व्हीलचेअरच्या जागाही त्यातच मोजा.

मंजुरीचा मेल आला की त्यातल्या अटी वाचा, विशेषतः रात्री दार कधी बंद होतं ते, आणि आदल्या दिवशी स्वतःचा लॅपटॉप आणि अडॅप्टर घेऊन हॉलमध्ये जाऊन एकदा जोडून बघा.