एम-पेसा: केनियातल्या मोबाइल पैशांची पार्श्वभूमी

मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा विषय निघाला की आपण २०१६ च्या यूपीआयपासून सुरुवात करतो. केनियात हे एम-पेसा या सेवेच्या रूपाने मार्च २००७ मध्येच सुरू झालं होतं, आणि तेही स्मार्टफोन किंवा इंटरनेटशिवाय.

नैरोबीत कामाला आलेल्यांची कुटुंबं गावी असत. आपला चाकरमानी मनीऑर्डर करायचा; केनियातला माणूस बहुधा बसच्या ड्रायव्हरकडे किंवा गावी निघालेल्या नातेवाइकाकडे नोटा द्यायचा. पैसे वाटेत गहाळ होण्याची धास्ती कायम असे, आणि बँकेत खातं फार थोड्यांचं. मोबाइल हाती आल्यावर लोकांनी एकमेकांना टॉकटाइम पाठवून त्याचाच पैशासारखा वापर सुरू केला. म्हणजे गरज आधीपासून होती आणि तिच्यावरचा तोडगाही लोकांनीच काढलेला होता.

व्होडाफोन या ब्रिटिश मोबाइल कंपनीचे निक ह्यूज यांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. छोट्या कर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत, यासाठी त्यांनी ब्रिटिश सरकारच्या विकास निधीतून मदत मिळवली. त्यांच्या सहकारी सूझी लोनी केनियात जाऊन राहिल्या आणि २००५ मध्ये नैरोबी व थिका परिसरात चाचणी सुरू झाली. हप्ते बाजूलाच राहिले. लोक एकमेकांना पैसे पाठवू लागले, कुणी चोरीच्या भीतीने रात्रीपुरते खात्यात ठेवू लागले. हे पाहून कर्जाचा भाग वगळला गेला आणि ‘घरी पैसे पाठवा’ या साध्या हाकेवर सफारीकॉम या केनियातल्या, व्होडाफोनची भागीदारी असलेल्या मोबाइल कंपनीने सेवा बाजारात आणली.

यातली खरी कळ सॉफ्टवेअरपेक्षा दुकानदारात होती, असं मला ठामपणे वाटतं. ग्राहक दुकानात ओळखपत्र दाखवून आपल्या मोबाइल खात्यात भरण्यासाठी रोकड देई, दुकानदार वहीत नोंद करून सही घेई, आणि दोघांच्या फोनवर एसएमएस येई. शहरात लोक पैसे भरत आणि गावात काढत, त्यामुळे गावच्या दुकानदाराकडची रोकड सारखी संपे. ती आणण्यासाठी त्याला बँकेत खेपा घालाव्या लागत. असे हजारो दुकानदार उभे राहिले नसते तर एसएमएस नुसता एसएमएसच राहिला असता.

केंद्रीय बँकेनेही आडकाठी केली नाही. ग्राहकांचे पैसे बँकेतल्या विश्वस्त खात्यात वेगळे ठेवायचे, एवढ्या बोलीवर तिने सेवा चालू दिली. २००८ च्या सुरुवातीला निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात अडकलेल्या नातेवाइकांपर्यंत लोकांनी याच वाटेने पैसे पोचवले. त्याच वर्षाच्या अखेरीस बँकांच्या दबावाखाली सरकारने तपासणी लावली. तीतही सेवा टिकली. पुढे तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांच्या २०१६ च्या अभ्यासाने, एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं अतिगरिबीतून बाहेर आली, असा अंदाज मांडला.

भारतात व्होडाफोनने हीच सेवा २०१३ मध्ये आणली, पण इथे ती रुजली नाही आणि २०१९ मध्ये तिने गाशा गुंडाळला.

केनियात मात्र २०१२ पासून त्याच फोनवर झटपट कर्ज मिळू लागलं. पाठोपाठ कर्ज देणारी कितीतरी ॲप्स आली. तातडीच्या गरजेला पैसा मिळाला हे खरं, पण किरकोळ रकमेच्या थकबाकीपायी माणसाचं नाव कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या पत माहिती संस्थेच्या काळ्या यादीत जाऊ लागलं आणि पुढच्या कर्जाची दारं बंद होऊ लागली. गरिबासाठी काढलेल्या सेवेची ही बाजू मला फार बोचते. अखेर २०२० मध्ये केंद्रीय बँकेच्या नियमांनी १,००० शिलिंगांखालच्या थकबाकीसाठी नाव यादीत घालणं थांबवलं.