नव्या चष्म्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या

गणपती आटोपले की बरेच जण आई-वडिलांना गावाहून मुंबईला घेऊन येतात आणि मग आमच्या परळच्या दुकानात आणतात. “नंबर वाढलाय, चष्मा करून द्या.” आम्ही आधी विचारतो, शुगर आहे का? किती वर्षं?

“दोनच वर्षं,” असं उत्तर येतं. म्हणजे कळून दोन वर्षं झाली. गावात त्रास झाल्याशिवाय रक्त तपासतं कोण? साखर त्याआधीच मुरलेली असते. म्हणून प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झालं की लगेच पडदा (डोळ्याच्या आतला मागचा थर, रेटिना) तपासायचा, आणि पुढे वर्षातून एकदा तरी.

पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या साखरेने कमकुवत होतात, पाझरतात. दुखत नाही, खुपत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्याच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके असू शकतात. आमचं मशीन फक्त नंबर काढतं, पडदा दाखवत नाही. शिवाय साखर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो. अशा वेळी साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मगच चष्मा करा. आमचं गिऱ्हाईक लांबतं, पण तुमचे पैसे वाचतात.

धोका वाढतो तो मधुमेहाच्या वर्षांनी, वाढलेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेने (एचबीए१सी) आणि बीपीने. बीपीची गोळी “बरं वाटतंय” म्हणून सोडणारे आम्हाला रोज भेटतात. किडनीचा त्रास, कोलेस्टेरॉल, रक्त कमी असणं हेही डॉक्टरांना सांगा. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर डोळे लगेच दाखवा.

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर-बीपी तपासून मिळतं, गोळ्या मिळतात. पडद्यासाठी मात्र बहुतेकदा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. एसटी, बुडालेली मजुरी, सोबतीला माणूस, यातच ते राहून जातं. आई-वडील इथे आलेच आहेत तर उरकून घ्या, जे. जे., केईएममध्ये नेत्रविभाग आहे. जुने कागद न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो. एकट्याला पाठवू नका.

वेळेत सापडलं तर लेसर, इंजेक्शनने नजर टिकवता येते. गेलेली बऱ्याचदा परत येत नाही. अचानक काळी जाळी किंवा सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आमच्याकडे येऊ नका.

चष्म्याच्या नंबरासाठी थेंब उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी या. तपासणीचा कागद सोबत आणा.