सेल्फ मारतोय, पण गाडी धरत नाही

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मामांची फियाट रुसली. बंद पडली असं म्हणता येणार नाही, कारण ती सुरूच झाली नव्हती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बोळात, गळक्या पत्र्याखाली महिनाभर उभी होती. किल्ली फिरवली की सेल्फ खणखणीत मारायचा, इंजिन घुर्र-घुर्र फिरायचं आणि तेवढंच. धरायचं नाही. बोळातून जाणारा प्रत्येक जण थांबून निदान सांगून जात होता. पेट्रोल शिळं झालंय, प्लग गेलेत, चोक ओढा, चोक आत ढकला. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून मामांनी मलाही बोलावलं. माझंही निदान चुकलं, आणि त्या चुकीमुळेच हा लेख लिहावासा वाटला.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९६४ मध्ये आपल्याकडे 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली, पण कोल्हापुरात तिला या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर, आणि ठिणगीसाठी पॉइंट (इंजिनाच्या फिरण्याबरोबर उघडमीट करणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सरची जुनी पद्धत. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. बिघाड झाला तर तो डोळ्याने, नाकाने, कानाने सापडलाच पाहिजे अशी ही गाडी.

सेल्फ मारतोय याचा अर्थ बरंच काही शाबूत आहे. इंजिन फिरवायला सेल्फची मोटार शंभर अँपिअरहून जास्त करंट खेचते. बॅटरी मरगळलेली असती तर नुसतं 'टक' वाजलं असतं. शिवाय फिरण्याचा आवाज एका लयीत होता. चारही सिलिंडर सारखं दाबत असले की ती लय येते. एखादा व्हॉल्व्ह अडकला असेल तर चार ठोक्यांतला एक पोकळ जातो, तबल्यावर एक बोट न उमटावं तसा. उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातले जुने मिस्त्री हा आवाज फोनवरूनही ओळखतात. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर त्यांचे हात बसलेत. डिझेलला ठिणगी नसतेच, हवा दाबून तापते आणि त्या तापानेच डिझेल पेटतं. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न कायम 'कम्प्रेशन हाय का?' असा असतो.

पेट्रोल इंजिनाला कम्प्रेशनखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात, नीट मिसळलेलं पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. मी तिन्ही तपासायचं ठरवलं.

पेट्रोलपासून सुरुवात केली. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे कुठे ठिणगी पडायला नको. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितला. पिचकारी उडावी तसं ठोक्याठोक्याने पेट्रोल आलं. पंप चालू होता. प्लग काढले तर चारही ओले, वास भरपूर. म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोहोचत होतं, उलट जरा जास्तच पोहोचलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच. त्यापेक्षा कमी झाली तर पेटत नाही, जास्त झाली तरी नाही. वजनाने बघितलं तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलसाठी नऊ हजार लिटरच्या आसपास, दहा बाय दहाच्या खोलीतली जवळजवळ तिसरा हिस्सा हवा! पेट्रोलची गाडी म्हणतो आपण, पण वजनात मोजलं तर ती हवेवरच चालते. म्हणून गाडी पेट्रोलने ओव्हरफ्लो झाली की चोक पूर्ण आत ढकलायचा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि मग सेल्फ मारायचा. हवेचा दरवाजा सताड उघडतो आणि आतला ओलावा बाहेर जातो. अॅक्सिलरेटर पंप करत बसणारे नेमकं उलटं करतात. मामा तेच करत होते.

प्लग बाहेर होतेच, म्हणून कम्प्रेशनही पाहून घेतलं. भोकावर अंगठा दाबून धरला, सेल्फ मारला, अंगठा फाटकन उडाला. चारही भोकांवर तेच.

राहिली ठिणगी. सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं, बाटली लांब ठेवली, एक प्लग कोरडा करून वायरीला जोडला, त्याचं लोखंडी अंग इंजिनावर टेकवलं आणि सेल्फ मारला. टिक, टिक, टिक. ठिणगी पडत होती. बारीक, पण पडत होती.

पेट्रोल आहे, कम्प्रेशन आहे, ठिणगी आहे. तरी गाडी सुरू होत नाही. मी मामांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हललंय, डेल्को (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उतरवावा लागणार.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले. "सर, बाहीर करंट पडतोय म्हंजे आत पडतोय असं न्हाई."

हे वाक्य समजायला ठिणगी येते कुठून ते बघावं लागेल. बॅटरी बारा व्होल्टची, आणि प्लगला तर हजारो व्होल्ट हवेत. हे काम कॉइल करते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि आतल्या लोखंडात चुंबकीय क्षेत्र साठतं. पॉइंट उघडले की करंट एकदम तुटतो आणि ते क्षेत्र कोसळतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं की बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत व्होल्टेज निर्माण करतं, आणि बदल जितका झटक्यात तितकं व्होल्टेज मोठं. पंचगंगेच्या काठावर शेतीपंप चालवणाऱ्याला हे वेगळ्या रूपात माहीत असतं. लाइट गेली, मोटार अचानक थांबली की पाइपातलं पाणी मागे येऊन 'धाड' करून व्हॉल्व्हवर आदळतं. चालू असताना जेवढा दाब नव्हता तेवढा थांबल्यावर येतो. कॉइलचंही तसंच. जाड तारेत दोन-अडीचशे व्होल्टचा झटका बसतो, आणि शेजारच्या बारीक तारेला सुमारे शंभर पट वेढे असल्याने तिकडे वीस हजारांच्या घरात व्होल्टेज उठतं. पॉइंटच्या बाजूचा कंडेन्सर हे तुटणं झटक्यात व्हावं म्हणून असतो. तो गेला की पॉइंटवरच ठिणग्या उडत राहतात आणि प्लगवर पिवळट, मरतुकडी ठिणगी येते.

ही पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने बसवली आणि ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. १९१२ च्या कॅडिलॅकला पहिला सेल्फ लागला, तोही त्याचाच. त्याच्या कंपनीचं नाव डेल्को, आणि त्यामुळेच आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को' म्हणतात. म्हणजे आमच्या बोळात केटरिंगचा एक शोध ठणठणीत चालत होता आणि दुसरा त्याला दाद देत नव्हता.

आता मिस्त्रींचं वाक्य. प्लगची फट सुमारे ०.६ मिलिमीटर. मोकळ्या हवेत ही फट ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये हवा सहा-सात पटीने दाबलेली असते. दाबलेल्या हवेत रेणूंची गर्दी असते, इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, पावलापावलावर टक्कर. यातलं गणित फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये मांडलं. व्होल्टेज ठरतं ते फट आणि हवेची दाटी यांच्या गुणाकारावरून. दाबलेल्या हवेतली ०.६ मिलिमीटरची फट ही मोकळ्या हवेतल्या चार मिलिमीटरच्या फटीएवढी अवघड असते, तिला दहा हजारांच्या पुढे व्होल्टेज लागतं. त्यात सेल्फ मारताना बॅटरी बारावरून दहा व्होल्टपर्यंत बसते, म्हणजे कॉइलचा जोरही नेमका तेव्हाच कमी. माझी परीक्षा सोपी होती, म्हणून ठिणगी पास झाली.

मिस्त्रींनी पेपर अवघड केला. प्लग काढून टाकला, वायरीचं टोक रबरी मुठीच्या कोरड्या पकडीत धरलं आणि इंजिनाच्या लोखंडापासून अर्धा सेंटिमीटरवर ठेवलं. (हे हाताने करू नका, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर मुळीच करू नका.) सेल्फ मारला. काहीच नाही. वायर जवळ नेली, दोन मिलिमीटरवर आली तेव्हा कुठे टिकटिक सुरू झाली.

मग ते म्हणाले, "दिवा मालवा." बोळात अंधार झाला. वरून पाऊस. बॉनेट उघडं, आणि आम्ही चौघं डेल्कोवर वाकलेलो. भाच्याने सेल्फ मारला तशी डेल्कोच्या कॅपवर, कॉइलची वायर जिथे येते त्या मधल्या बोंडापासून खाली कॅप धरून ठेवणाऱ्या क्लिपपर्यंत, केसाएवढी निळी रेघ लखलखली. पुन्हा, पुन्हा, प्रत्येक ठोक्याला. वीस वर्षं प्रयोगशाळेत ठिणग्या दाखवतोय, पण इतकी सुंदर ठिणगी चुकीच्या जागी पडलेली पाहिली नव्हती.

कॅपला तडा गेला होता. तड्यात महिनाभराची ओल शिरली. ओलीतून थोडी वीज गळायला लागली, गळताना तिने कॅपचं बॅकेलाइट प्लॅस्टिक जाळलं, जळून झाला कोळसा, आणि कोळशातून वीज आणखी सहज गळते. एकदा ही वाट पडली की रुंद होत जाते. आता कॉइलच्या व्होल्टेजपुढे दोन रस्ते होते. प्लग बाहेर असताना तिथली फट सोपी, म्हणून ठिणगी माझ्यासमोर इमानदारीत पडायची. प्लग आत गेला, हवा दाबली गेली की तड्याचा रस्ता सोपा, आणि सगळी वीज क्लिपवरून डेल्कोच्या धातूच्या अंगात. मधलं बोंड चारही सिलिंडरचं सामाईक, म्हणून एकही सिलिंडर पेटत नव्हता.

पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं, रात्री आठला कॅप मिळणार कुठे? मिस्त्रींनी कोळशाची रेघ बारीक पॉलिशपेपरने खरवडून काढली, कॅप स्टोव्हच्या उबेवर सुकवली आणि भाचीकडे नेलपॉलिश मागितलं. तड्यावर दोन हात लाल नेलपॉलिशचे. प्लग पुसून बसवले. मी वायरी जोडायला पुढे झालो तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः एक-तीन-चार-दोन असं पुटपुटत लावल्या. या इंजिनात ठिणग्यांचा क्रम तोच आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. अॅक्सिलरेटर दाबून धरला, सेल्फ मारला, गाडीने दोनदा शिंक दिली आणि धरली. मामांनी सगळ्यांना चहा सांगितला. जुन्या बाजारातून अखंड कॅप मिळेपर्यंत दहा दिवस गाडी त्या लाल तड्यावर पळाली.

नोव्हेंबरात ती पुन्हा थांबली, या वेळी शिरोळच्या रस्त्यावर. आता मी शहाणा झालो होतो. वायर अर्ध्या सेंटिमीटरवर धरली, ठिणगी कडकडीत निळी. पाइप बाटलीत धरला तर बाटली कोरडी. मिस्त्रींना फोन लावला. "एसी पंपाचं रबर गेलं असंल बगा," म्हणाले. एसी पंप म्हणजे कार्बोरेटरकडे पेट्रोल ढकलणारा पंप. त्यांचा राग उसापासून काढलेल्या इथेनॉलवर. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं रबर त्या हिशेबाने बनवलेलंच नव्हतं. ते इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते आणखी वाईट. पंप उघडला तेव्हा आतला रबरी पडदा खरंच पापडासारखा फाटलेला निघाला. दोष सगळा इथेनॉलचाच की वयाचाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण तो पंप उघडला दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आम्ही गाडी ढकलत कडेला घेत होतो, आणि पुढे कारखान्याच्या फाट्यापर्यंत उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग उभी होती. मामा एकदा उसाकडे बघत होते, एकदा बॉनेटकडे.