बर्फावरील पॅनफिश मासेमारी

गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून, त्यातून आखूड काठीच्या गळाने लहान खाद्य मासे धरण्याची पद्धत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिनेसोटा व मिशिगन ही राज्ये आणि लगतचा कॅनडा येथे ती विशेष रुळलेली आहे.

‘पॅनफिश’ ही प्राणिशास्त्रीय संज्ञा नव्हे. अख्खा मासा तव्यात मावतो म्हणून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. तव्यावर तळण्याजोगा तो पॅनफिश, असाही अर्थ लावतात. मोठ्या माशाचा तुकडाही तव्यावर तळता येतोच, त्यामुळे आकारावरून केलेली पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. संज्ञेची व्याप्तीही सैल आहे. ब्लूगिल (शास्त्रीय नाव लेपोमिस मॅक्रोकायरस; राफिनेस्क याने १८१९ मध्ये दिलेले), पम्पकिनसीड व क्रॅपी हे सेंट्रार्किडी कुलातील, तर पिवळा पर्च पर्सिडी कुलातील. विस्कॉन्सिनच्या नियमांत हे सर्व पॅनफिश ठरतात. ब्लूगिलच्याच कुलातला रॉक बास मात्र त्या मोजणीत येत नाही.

प्रथेचा उगम निश्चित सांगता येत नाही. ओजिब्वे हे उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लोक भोकाशी पालथे पडून, डोक्यावरून पांघरूण घेऊन उजेड अडवीत आणि लाकडाचा कोरीव मासा पाण्यात नाचवून जवळ आलेल्या माशाला भाल्याने टिपीत. पूर्व अमेरिकेत सापडलेल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या शिंपल्याच्या मत्स्याकृती याच कामाच्या होत्या, असे काही अभ्यासक मानतात; त्या गळ्यातील लोलक असाव्यात, हा पर्यायही पूर्णपणे खोडता येत नाही. शिवाय भाल्याची शिकार मुख्यतः मोठ्या माशांची असे. आजचा बारीक गळ थेट तिच्यापासून आला, असे म्हणण्याइतका पुरावा दिसत नाही.

पाणी सुमारे ४° से. तापमानाला सर्वांत जड असते, म्हणून बर्फाला लागून ०° से.च्या जवळचे आणि तळाशी थोडे उबदार पाणी राहते. मासे सुस्तावतात, खाणे मंदावते. बर्फावर हिम साचले की उजेड अडतो, पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो आणि तळचा कुजणारा गाळ उरलेला ओढून घेतो. मग मासे तळ सोडून वर सरकतात. उथळ तळ्यात ते सामूहिकरीत्या मरतातही. हिवाळ्याचा आरंभ आणि शेवट हे दोन काळ गळाला अधिक फलदायी मानले जातात.

गिरमिटाने १५ ते २० सेंमी. रुंदीचे भोक पाडतात, आतला बर्फाचा लगदा झाऱ्याने उपसतात. ब्लूगिल आमिषावर झडप घालत नाही. समोर स्थिर थांबतो आणि पाण्यासकट ते तोंडात ओढून घेतो. तरंड (गळाच्या दोरीला बांधलेली तरंगती खूण) बुडतही नाही, म्हणून काठीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावतात आणि ती केसभर हलली तरी काठी उचलतात. आमिष म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यातील मेणपतंगाच्या अळ्या लहानशा धातूच्या गळाला टोचतात.

या मासेमारीने लहान तळ्यातले मोठे मासे लवकर संपतात, हे तिचे दुखणे आहे. बर्फावर होडी लागत नाही, त्यामुळे तळ्याचा कोणताही कोपरा कोणाच्याही पायाखाली येतो, आणि प्रत्येक जण थोराड ब्लूगिलच घरी नेतो. घरट्यांची राखण नर करतात. मोठे नर संपले की धाकटे नर लवकर प्रजननक्षम होतात व त्यांची वाढ खुंटते, हे स्पष्टीकरण आज बहुतांशी स्वीकारले जाते; अन्नासाठी होणारी दाटीही कारणीभूत असते. म्हणून विस्कॉन्सिनची २५ माशांची सर्वसाधारण दैनिक मर्यादा लहान तळ्यांना फार सैल वाटते. मिनेसोटाने काही निवडक तळ्यांवर सनफिशची (ब्लूगिल, पम्पकिनसीड यांसारख्या माशांची) मर्यादा ५ किंवा १० पर्यंत उतरवली, ते योग्यच झाले.

पायी जाणाऱ्यासाठी किमान १० सेंमी. जाडीचा नितळ बर्फ आवश्यक मानतात. पांढरा, हिममिश्रित बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन येथील मेंडोटा सरोवराच्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवलेल्या नोंदींनुसार तेथील बर्फाचा काळ सरासरीने सुमारे महिन्याने आखडला आहे.